कडेपासून आठवी ओळ

डॉ. अरुंधती बक्षींनी ट्यूबलाइट बंद केली, तसं कोपऱ्यातल्या टेबलापाशी श्रावण हेडाऊने नव्या लॅपटॉपच्या वरच्या डाव्या टोकाला बोट टेकवलं आणि तिथून तो उजवीकडे मोजत निघाला. पहिलं बटन सोडायचं. दुसरं म्हणजे एक, तिसरं म्हणजे दोन. पहिल्या बटनावर एक नसतो, भलतंच एक वळवळतं चिन्ह असतं आणि त्याचा आजवर कुणालाही उपयोग झालेला नाही, हे ज्ञान त्याला सकाळी नऊच्या पेशंटवर झालं होतं. त्या गृहस्थांचा मुतखडा एका मिलिमीटरने आखूड झाला होता. श्रावणने पुन्हा मोजून तो पूर्ववत केला आणि गृहस्थ आपल्या मूळच्या मुतखड्यासह घरी गेले.

बटनांच्या खालून पांढरा उजेड येत होता. लॅपटॉप घेतला होता तो त्या उजेडासाठीच. सोनोग्राफीच्या खोलीत दिवा चालत नाही. मॅडमना मशीनच्या पडद्यावरच्या राखाडी सावल्या बघायच्या असतात. चोवीस वर्षं श्रावण त्या अंधारात बसून मॅडम बोलतील ते टाइप करत आला होता. आता म्हणे अंधारातसुद्धा अक्षर न् अक्षर दिसणार. ज्याला दिसतं त्याला दिसत असेलही. श्रावणला त्या जागी गणपतीच्या मंडपातली रोषणाई चष्म्याविना पाहावी तसा एक पांढरा राडा दिसत होता, आणि राड्याच्या मधोमध, तो नेमका जिकडे पाहील तिकडे, एक करडा डाग येऊन बसत होता.

"हे कोपऱ्यात भुतासारकं कोन बसलं गा?" तपासणीच्या टेबलावर झोपलेल्या म्हातारीने विचारलं.

"टायपिस्ट आहेत ते," मॅडम म्हणाल्या. "हलू नका, गोदूबाई."

"खालून लाइट पडून राहिला तोंडावर. मी म्हटलं, आपला टाइम आला का काय."

श्रावणने खुर्ची मागे सरकवली. चोवीस वर्षांत एकाही पेशंटने त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. तो त्या खोलीतला एक आवाज होता, टकटक असा. गेले आठ महिने तो नाक कीबोर्डला टेकवून बसायचा, तेही त्यामुळेच खपून गेलं होतं. आता अंधार होता तसाच होता, फक्त त्यात एकटा तोच उजळून निघाला होता.

आठ महिन्यांपूर्वी, दिवाळीच्या आधी, तो डोळे दाखवायला वर्ध्याला गेला होता. नागपूरच्या धंतोलीत, जिथे मॅडमचं सेंटर होतं, दर दहा पावलांवर एक दवाखाना आहे आणि त्यातल्या निम्म्या काउंटरांवर श्रावणच्या ओळखीचं कुणीतरी बसतं. ज्याला आपला आजार लपवायचा आहे त्याने धंतोलीत नोकरी करू नये. म्हणून एसटी. वर्ध्याच्या डॉक्टरने डोळ्यात थेंब टाकले, बराच वेळ आत डोकावून पाहिलं आणि सांगितलं, "पडदा मधोमध झिजला आहे. गेलं ते परत येणार नाही. कडेचं दिसत राहील, चालता-फिरता येईल. फक्त ज्याच्याकडे बघाल ते दिसणार नाही."

"आन् ज्याच्याकडे नाही बघितलं ते?"

"ते दिसेल."

असे संसार श्रावणने पुष्कळ पाहिले होते. नोकरी मात्र अशी पाहिली नव्हती. सत्तावन्न वर्षं वय, शिक्षण दहावी, येतं ते एक टायपिंग. मुलगी मयुरी बी.एड.च्या शेवटच्या वर्षाला. वर्ध्याची फाइल त्याने घरी गव्हाच्या कोठीमागे ठेवली आणि मयुरीच्या आईला सांगितलं की चष्म्याचा नंबर वाढला.

अक्षरांची त्याला फिकीर नव्हती. तरुणपणी इतवारीतल्या टायपिंगच्या क्लासात ती बोटांत मुरली होती. घोटाळा आकड्यांचा होता. आकड्यांच्या ओळीचा धडा यायच्या आतच क्लासवाल्याने क्लास गुंडाळून तिथे साड्यांचं दुकान टाकलं होतं, त्यामुळे वरची ओळ श्रावणच्या बोटांना कधी भेटलीच नाही. जुन्या कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा वेगळा चौकोन होता. त्यातल्या तीन बटनांवर श्रावणने मयुरीच्या आईच्या टिकल्या चिकटवल्या होत्या आणि त्या चाचपत सगळ्या विदर्भाच्या किडन्या मोजल्या होत्या. काउंटरवरच्या मेघाने एकदा विचारलंच, "काका, बटनाले टिकल्या काहून लावल्या?"

"मंगळवार होता," श्रावण म्हणाला. तिला ते पटलं.

तरी चुका व्हायला लागल्या. पुरुषांच्या रिपोर्टाचा तयार नमुना आणि बायकांचा नमुना कॉम्प्युटरवर एकाखाली एक होते. मार्च महिन्यात इतवारीतल्या एका धान्यव्यापाऱ्याच्या रिपोर्टात गर्भाशय आढळलं, तेही नॉर्मल आकाराचं. व्यापारी सज्जन. तो फक्त एवढंच विचारायला आला की याला काही पथ्य आहे का. त्या दिवशी श्रावण पहिल्यांदा म्हणाला, "मशीन जुनी झाली, मॅडम. बटनं अडकतात." मग ते वाक्य त्याला फारच सोयीचं पडलं. बटनांवरची अक्षरं पुसली, अंधारात बटनं दिसत नाहीत, दाबलं एक तर उमटतं दुसरं. तो हे इतक्या वेळा आणि इतक्या कळवळ्याने बोलला की मॅडमचा विश्वास बसला आणि त्यांनी त्यांच्या भाच्याला, ऋषीला, नवीन लॅपटॉप आणायला सांगितला. श्रावणने आपलं शेवटचं निमित्त अशा रीतीने स्वतःच भंगारात काढलं.

काल संध्याकाळी ऋषी जुनं सगळं गाडीत घालून घेऊन गेला, टिकल्यांसकट. नवा लॅपटॉप आटोपशीर होता. इतका आटोपशीर, की उजवीकडचा आकड्यांचा चौकोन त्यात नव्हताच.

"तुमचे सगळे नमुने यात टाकलेत, काका," ऋषी म्हणाला होता. "जसेच्या तसे. वर फक्त एक ओळ वाढवलीय, छान दिसते. आणि हे बघा, बटनांचा उजेड कमी-जास्त होतो."

श्रावणने उजेड जास्त करून पाहिला. राडा वाढला.

"श्वास घ्या," मॅडम म्हणाल्या. "धरून ठेवा."

गोदूबाईंनी श्वास धरला. त्यांचं बोलणं थांबायचा हा एकच मार्ग होता. मॅडम मशीनच्या पडद्याला अगदी खेटून बसल्या होत्या. हल्ली त्या इतक्या जवळ बसत की त्यांच्या चष्म्याच्या काचेत पेशंटचं आख्खं पोट दिसे. कुशीवर फिरणारा त्यांचा हात एका जागी थांबला. मग तिथेच थोडा तिरका झाला, थोडा सरळ.

"सोडा. परत घ्या."

"बाई, तीन बाटल्या पानी पाजलं तुमच्या पोरीनं बाहेर. आता किती धरू आन् काय काय धरू?"

"दोन मिनिटं, गोदूबाई." मॅडमचा आवाज सपाट झाला होता. श्रावणला तो आवाज माहीत होता. आत काही वाईट सापडलं की मॅडमचा आवाज इस्त्री केल्यासारखा होत असे. "हेडाऊजी, लिहा. लेफ्ट किडनी. अप्पर पोलला सॉलिड लीजन. थ्री पॉइंट एट बाय थ्री पॉइंट टू सेंटिमीटर. राइट किडनी नॉर्मल. बाकी सगळं नॉर्मल."

जे नॉर्मल असतं त्याला हात लावायचा नाही, ही कामाची रीत. नमुन्यात सगळे अवयव ओळीने आधीच लिहिलेले असतात आणि सगळे नॉर्मल असतात. ज्याचं बिघडलं त्याच्या ओळीवर जाऊन तेवढं बदलायचं. श्रावणला ओळी दिसत नव्हत्या, म्हणून तो मोजायचा. खाली जाणारा बाण सात वेळा दाबला की उजवी किडनी. आठ वेळा दाबला की डावी. त्याचे वडील उमरेडला मागावर बसत तेव्हा तुटलेला धागा असाच शोधत, किनारीपासून बोटांनी मोजत, डोळे भलतीकडेच. लहानपणी श्रावणला ती जादू वाटायची. आता तीच त्याच्या पोटापाण्याला आली होती.

आठ वेळा बाण. ओळीच्या शेवटाला जाऊन 'नॉर्मल' पुसलं. अक्षरं बोटांनी टाकली, आकडे कडेपासून मोजून टाकले. तीन म्हणजे चौथं बटन, आठ म्हणजे नववं. घाम आला, पण जमलं. प्रिंटरने कागद बाहेर टाकला.

गोदूबाई साडी सावरत बाहेर धावल्या. मॅडमनी हात पुसले आणि पेन काढलं.

"वाचा, हेडाऊजी."

पूर्वी मॅडम स्वतः वाचत. लाल पेन घेऊन स्वल्पविरामसुद्धा दुरुस्त करत. दोनेक वर्षांपासून त्यांनी हे 'वाचा' सुरू केलं होतं. माणूस मोठा झाला की त्याला दुसऱ्यांनी वाचून दाखवावं लागतं, असा श्रावणने त्याचा अर्थ लावला होता. त्याने कागद नाकासमोर धरला, मान डावीकडून उजवीकडे फिरवत नेली आणि पाठ होतं ते म्हटलं: लिव्हर नॉर्मल, गॉल ब्लॅडर नॉर्मल, आणि शेवटी गोदूबाईंची डावी किडनी, पॉइंटांसकट. मध्ये एकदा अडखळून दाखवलं. वाचणारा माणूस अडखळतो, हे त्याच्या लक्षात राहिलं होतं.

"ठीक," म्हणत मॅडमनी सही केली.

बाहेर गोदूबाई मेघाला सांगत होत्या की घर उमरेडला, मुलगा पियुष हिंगण्याला कंपनीत आहे, सकाळी मोटरसायकलवर सोडून गेला, आता चार वाजता समोरच्या ऑपरेशनच्या डॉक्टरला कागद दाखवायचा, तोवर तो येतो म्हणाला. मेघाने पाकीट त्यांच्या हातात दिलं.

पुढचे पेशंट एक रिटायर्ड मास्तर होते. त्यांचं प्रोस्टेट चाळीस ग्रॅमचं निघालं. श्रावणने नऊ अधिक एक असं हिशेबाने दहा वेळा बाण दाबला, टाइप केलं, म्हणून दाखवलं, सही झाली. पाच मिनिटांनी मेघा कागद घेऊन आत आली. ती हसत होती.

"काका, मास्तर बाहेर बोंबलून राहिले. त्याईच्या लघवीच्या पिशवीचं वजन काहून लिहिलं? चाळीस ग्रॅम."

"पिशवीचं?"

"हो न. आन् प्रोस्टेट नॉर्मल लिहिलं. मास्तर म्हणे, मंग मी रात्री पाच खेपा उठतो ते काय हौस म्हणून?"

श्रावणने कागद हातात घेतला. बघायला म्हणून नाही, काहीतरी धरायला हवं होतं म्हणून. प्रोस्टेटच्या वरची ओळ पिशवीची. म्हणजे एक ओळ वर पडलं. दहा मोजले होते, दहाच मोजले होते.

"मेघा, या कागदावर वर काय लिहिलं हाय?"

"वर? सेंटरचं नाव."

"मंग?"

"मंग पत्ता. मंग ते ऋषीदादानं नवीन टाकलं ते: 'आता रविवारीही सुरू'."

मेघाला पुढे काहीतरी बोलायचं होतं, पण श्रावणची बोटं टेबलाच्या कडेवर चालायला लागली होती. एक, दोन, तीन. वर एक धागा वाढला होता. कडेपासून आठवी ओळ आता डावी किडनी नव्हती. आठवी आता उजवी होती.

गोदूबाईंच्या पाकिटातल्या कागदावर उजव्या किडनीत गाठ होती, आणि डावी नॉर्मल होती.

"म्हातारी कुठं गेली?"

"कोन?"

"गोदूबाई! उमरेडवाली!"

"मंघाच गेली, काका. काहून, काय झालं?"

तो जिना उतरला तो कठड्याला धरून, दोन-दोन पायऱ्या. आणखी तपासण्या होतील, त्याने स्वतःला सांगितलं. कुणी एका कागदावर पोट फाडत नाही, सीटी स्कॅन करतात. पण चुकीची बाजू घेऊन निघालेला कागद किती लांब जातो, हेही त्याने चोवीस वर्षांत पाहिलं होतं. एक कागद दुसऱ्यावर उतरतो, दुसरा तिसऱ्यावर. प्रत्येक जण आधीच्याची सही बघतो, मजकूर बघत नाही.

बाहेर मे महिन्याची दुपार होती. अंधाऱ्या खोलीतून आलेल्या डोळ्यांवर उन्हाने चुन्याची बादली ओतली आणि जे कडेचं म्हणून शिल्लक होतं तेही धुऊन नेलं. श्रावण गेटपाशी उभा राहिला. माणसं येत होती, जात होती, आणि सगळ्यांची तोंडं दुपट्ट्यांनी बांधलेली. मे महिन्यात नागपुरात डोळस माणसालाही ओळख पटत नाही, हा त्यातल्या त्यात एक समभाव होता. सगळ्यांच्या हातात पाकिटं होती. पिवळी, पांढरी, मोठी, लहान. धंतोलीत रिकाम्या हाताचा माणूस म्हणजे एक तर डॉक्टर नाही तर चोर.

"गोदूबाई!" तो ओरडला. एक ऑटोवाला थांबला. "चलना है क्या?"

"एक म्हातारी पाह्यली का गा? हिरवं लुगडं?"

"काका, इधर सब बुढ्ढीच है."

लुगडं हिरवं होतं की नाही, हेही त्याला ठाऊक नव्हतं. तो रस्ता ओलांडायला लागला, कुणीतरी करकचून ब्रेक मारला आणि त्याच्या आईचा उद्धार केला. समोरच्या दवाखान्याच्या पायरीशी त्याने एका बाईचा पदर धरला. ती दुसरीच निघाली, आणि तिच्यासोबत तिचा भाऊ होता. श्रावणने हात जोडले. "दिसत नाही गा बाप्पा, दिसत नाही," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं की आठ महिन्यांत हे वाक्य तो पहिल्यांदा मोठ्याने बोलला, तेही एका अनोळखी माणसाजवळ, जो त्याची कॉलर धरून उभा होता. भावाने कॉलर सोडली.

तो भिंतीला टेकला. डोळे मिटले. डोळ्यांचा उपयोग नव्हताच. उजवीकडे कुठेतरी रसवंतीचे घुंगरू वाजत होते.

"बरफ नोको टाकू म्हटलं न तुले! अर्धा गिलास बरफच भरतं, आन् रसाचे पैसे घेतं!"

श्रावण त्या आवाजाच्या दिशेने सरळ चालत गेला आणि बाकड्याला धडकून थांबला.

"हा पाह्य, भूत आलं," गोदूबाई म्हणाल्या. "उजेडात तं बरा दिसतं गा."

"माय, ते पाकीट..."

"हे?" त्या पाकिटाने वारा घेत होत्या. वाऱ्याची एक झुळूक त्याच्या तोंडावर आली आणि गेली.

"त्या डॉक्टरले दाखवलं का?"

"चार वाजता हाय न. पियुष येते तवा."

श्रावण बाकड्यावर बसला. "माय, तुमाले कोन्या बाजूले दुखते?"

"डाव्या. दोन महिने झाले, त्या कुशीवर झोप नाही. तुह्या बाईनं तिथंच तं दाबून दाबून पाह्यलं." वारा थांबला. "काहून विचारून राहिला?"

त्याने सांगितलं. सगळं नाही, एवढंच, की कागदावर बाजू चुकली, त्याच्या हातून चुकली, तो ओळी मोजतो आणि वर एक ओळ कुणीतरी वाढवली. गोदूबाई ऐकत होत्या. ग्लासातला बर्फ वाजला.

"तू कोनाचा गा? आडनाव काय?"

"हेडाऊ."

"म्हंजे कोष्ट्याचा पोर. मंग किनार नाही चाचपली सकाळी बसल्या-बसल्या?"

"नाही, माय."

"तुह्या बापानं तं तुले मारलं असतं." त्यांनी पाकीट त्याच्या हातात ठेवलं, मग त्याचं मनगट धरलं. "वाईट हाय का गा ते? आतमधलं?"

श्रावण नेमका त्यांच्याकडे बघत होता, त्यामुळे त्याला त्यांचं तोंड दिसत नव्हतं.

"मॅडम सांगतीन," तो म्हणाला.

"तुह्या बाईचा आवाज तवाच बदलला," गोदूबाई म्हणाल्या आणि उठल्या. "चाल. मी बी येतो. तुले रस्ता नाही पार करता येत, मंघापासून पाहून राहिली मी."

जिना चढताना त्याने सुटका शोधून पाहिली. कागद बदलायचा, गुपचूप. पण नव्या कागदावर सही लागणार, सहीसाठी कारण लागणार, आणि निमित्त आता कोणतंच उरलं नव्हतं. मशीन कालच आलेली. बटनं नवी कोरी, खालून उजेड.

गोदूबाईंना बाहेर बसवून तो आत गेला. मॅडम एकट्याच होत्या, टेबललॅम्प लावून. त्याने दार लावून घेतलं.

"मॅडम, गोदूबाईच्या रिपोर्टात राइट-लेफ्ट उलटं झालं. मास्तरांचंही चुकलं, सकाळच्या मुतखडेवाल्यांचंही चुकलं असेल. मशीन चांगली हाय." तो थांबला. चोवीस वर्षं मॅडमसमोर तो जपून, पुस्तकातल्यासारखं बोलत आला होता. "मले दिसत नाही, मॅडम."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"आणि रोज वाचून दाखवत होता ते?"

"पाठ होतं."

मॅडमच्या घशातून एक आवाज आला. हसू होतं की ठसका, ते श्रावणला कळलं नाही. आता त्या म्हणतील, घरी जा. त्याने खुर्चीची पाठ धरली. चोवीस वर्षांत तिची रेक्झीन त्याच्या हातासारखीच झाली होती.

"आधी तो रिपोर्ट दुरुस्त करा," मॅडम म्हणाल्या. "बाकीचं मग बघू."

तो बसला. वरची किनार चाचपली. नऊ वेळा बाण. उजवी किडनी नॉर्मल केली, डावीत गाठ घातली, आकडे दोनदा मोजले. प्रिंटरने कागद दिला. तो घेऊन श्रावण मॅडमच्या टेबलापाशी आला. पाकिटातला चुकलेला कागदही त्यांना दाखवावा म्हणून त्याने काढून दुसऱ्या हातात धरला होता.

"वाचा, हेडाऊजी," मॅडम सवयीने म्हणाल्या.

"मले नाही येत, मॅडम. तुम्ही वाचा."

त्याने कागद पुढे केला. मॅडमनी तो घेतला, लॅम्पखाली धरला. श्रावणने तोंड भिंतीकडे फिरवलं, म्हणजे त्याला डोळ्याच्या कडेने त्या नीट दिसल्या. त्यांची मान डावीकडून उजवीकडे गेली. परत डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ. एका ठिकाणी त्या अडखळल्या, मग पुढे गेल्या. रिपोर्ट वाचायला जेवढा वेळ लागतो, बरोबर तेवढा वेळ लागला.

"हं," त्या म्हणाल्या. "आता बरोबर आहे." पेनचं टोपण निघाल्याचा टक् असा आवाज झाला.

तेव्हा श्रावणच्या बोटांना जाणवलं की त्याच्या डाव्या हातातला कागद कोमट आहे.

प्रिंटरमधून नुकताच निघालेला, सपाट, बिनघडीचा. मॅडमच्या हातात होता तो पाकिटातला, मध्ये घडी पडलेला. उजव्या किडनीत गाठ असलेला.

इतवारीचा व्यापारी आठवला. त्या दिवशी श्रावणने पुरुषाचा रिपोर्ट म्हणून दाखवला होता, कागदावर बाईचा होता, आणि खाली सही झाली होती. लाल पेन आठवलं. ते कुठे गेलं, हे त्याने दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

"सही करू नका, मॅडम."

"का?"

त्याने दार उघडलं.

"मेघा, आत ये वं. हा कागद मोठ्यानं वाचून दाखव."

"मी?" मेघा दारात आली. "मी काहून?"

"नवीन मशीन अक्षर बारीक छापून राहिली," श्रावण म्हणाला. आठ महिन्यांचा सराव होता, वाक्य आपोआप आलं. "आन् मॅडमचा चष्मा आज घरी राहिला."

मेघा कागद घ्यायला वळली. तेवढ्यात मॅडमनी नाकावरचा चष्मा काढला आणि ड्रॉवर आवाज न करता उघडून आत ठेवला.

मेघाने वाचलं. शाळेत धडा वाचावा तसं, सेंटरचं नाव, पत्ता, आता रविवारीही सुरू, पेशंटचं नाव, वय. लिव्हर. गॉल ब्लॅडर. श्रावण टेबलाच्या कडेवर बोटाने ओळी मोजत होता. मॅडमनी डोळे मिटले होते आणि त्यांचंही बोट पेपरवेटवर हळूहळू पडत होतं, त्याच ठेक्यात. उजवी किडनी, नॉर्मल. डावी किडनी, वरच्या टोकाला, थ्री पॉइंट एट बाय थ्री पॉइंट टू.

"बरोबर हाय न?" मेघाने विचारलं.

दोघंही एकदमच 'हो' म्हणाले. घडीचा कागद श्रावणने मॅडमच्या पुढ्यातून उचलला आणि त्याचे चार तुकडे केले. मेघाने कोमट कागद त्या जागी ठेवला. "मी म्हातारीले सांगतो, पाच मिनिटं म्हणून," असं म्हणत ती बाहेर गेली. बाहेर गोदूबाईंचा आवाज चढला होता; या वेळी विषय दवाखान्यातल्या पंख्याचा होता.

खोलीत लॅम्पच्या उजेडाचं एक तळं होतं आणि मागे कोपऱ्यात बटनांचं दुसरं. श्रावण भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पहिल्या दिवशी, चोवीस वर्षांपूर्वी, याच जागी उभं राहून त्याने विचारलं होतं की मॅडम, लेफ्ट म्हणजे माझं का तुमचं, आणि मॅडम त्याच्यावर खेकसल्या होत्या की या खोलीत डावं-उजवं फक्त पेशंटचं असतं, तुम्हाला आणि मला बाजू नाही.

डोळ्याच्या कडेने त्याला पेन खाली येताना दिसलं. सहीच्या रेघेपासून ते चांगलं चार बोटं दूर होतं.

"मॅडम," तो हळू म्हणाला, "जरा डावीकडे."

पेन हवेत थांबलं.

"माझ्या," मॅडमनी विचारलं, "का पेशंटच्या?"